खापर, कढई आणि भट्टी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ आणि नर्सी ही दोन क्षेत्रे आहेत. औंढ्यास नागनाथाचे ज्योतिर्लिंग. कयाधू नदीच्या काठची नर्सी ही परंपरेने नामदेवांची जन्मभूमी. नामदेवांना गुरू लाभले ते औंढ्याच्या देवळात, आणि त्या गुरूंचे नाव विसोबा खेचर, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु हे विसोबा 'खेचर' कसे झाले याची जी कथा वारकरी परंपरेने जपली आहे, तिचा आरंभ एका पक्वान्नाच्या भांड्यापासून होतो, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

कथा अशी. आळंदीस निवृत्तिनाथांस मांडे खाण्याची इच्छा झाली. मांडे भाजावयास मातीचे खापर हवे, म्हणून धाकटी मुक्ताबाई कुंभारवाड्यात गेली. ही संन्याशाची मुले. त्यांस वाळीत टाकलेले. विसोबा चाटी हा त्यांचा कट्टर द्वेष्टा. त्याने कुंभारांस दटावून खापर देऊ दिले नाही. मुक्ताबाई रडत रिकाम्या हाताने परतली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने त्या पाठीवर मांडे भाजले. आडून पाहणाऱ्या विसोबांचा गर्व तेथे गळाला. ते धावत आत आले आणि पानातील उष्टे उचलून तोंडात घालू लागले. ज्ञानदेव म्हणाले, 'खेचरा, परता सर.' तेच नाव पुढे त्यांस चिकटले.

यातील चमत्कार भाविकांनी भावाने घ्यावा. इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. मुक्ताबाईच्या घरी पीठ होते, चूल होती, हातास कसबही होते. अडवले गेले ते केवळ भाजण्याचे साधन. एखाद्या घरास वाळीत टाकावयाचे तर त्याचे खापर बंद करावे, हे त्या कथेतील समाजास ठाऊक होते. महाराष्ट्रातील घरगुती गोड व तिखट पक्वान्नांचा, विशेषतः पापुद्र्यांच्या खुसखुशीत पदार्थांचा इतिहास पाहू गेले असता हाच प्रश्न वारंवार पुढे येतो: विस्तव कोणाचा, आणि त्यावर भाजलेले कोणी खावे?

मांडा हा पदार्थ त्या काळीही जुना होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठवाड्याशी तिचे नाते जवळचे. या ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणात गहू धुऊन, वाळवून, दळून व चाळून, त्या पिठात तूप व मीठ घालून, त्याचे गोळे हातावर पसरवून तापल्या खापरावर 'मंडक' भाजण्याची कृती आहे. निखाऱ्यावर भाजलेली 'अंगारपोलिका' आणि आत सारण भरलेली 'वेष्टिका' हीही त्याच प्रकरणात भेटतात. म्हणजे राजवाड्यात काय किंवा आळंदीच्या झोपडीत काय, भाजणे म्हणजे उघड्या विस्तवावर भाजणे. खानदेशात व बेळगावकडे मांडे करणाऱ्या सुगरणी आजही कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवीत रुमालाएवढा पातळ करतात आणि उपड्या खापरावर टाकतात. हे कसब थोड्यांच्याच हाती असते, म्हणूनच 'मनातले मांडे' हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला. जे घरात सहज होत नाही, तेच माणूस मनात भाजून खातो.

चहूबाजूंनी बंद असलेली, आतल्या आत उष्णता कोंडून धरणारी भट्टी मराठी घरात कधीच का आली नाही, याचे पहिले उत्तर सरपण हे आहे. भट्टी तापवावयास पुष्कळ लाकूड लागते, आणि एकदा तापली की तीत एका घराच्या नव्हे, साऱ्या आळीच्या रोट्या भाजल्या पाहिजेत, तरच ती परवडते. दुसरे उत्तर धान्याचे. हिंगोलीचा मुलूख ज्वारीचा. ज्वारीच्या पिठास चिकटपणा नाही. त्याची भाकरी थापून तव्यावर टाकावी आणि विस्तवावर फुगवावी हेच योग्य. गहू सणासुदीस निघावयाचा, आणि सणाचे पक्वान्न रोज पेटणाऱ्या भट्टीची अपेक्षा ठेवत नाही.

ही स्थिती केवळ आपल्याकडेच होती असेही नव्हे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये जहागीरदाराची भट्टी असे आणि रयतेने आपली रोटी तेथेच पैसे मोजून भाजली पाहिजे असा दंडक असे. इंग्लंडातील गरीब कुटुंबे एकोणिसाव्या शतकातही रविवारचे जेवण शेजारच्या भटारखान्यात भाजावयास पाठवीत. भट्टी तेथेही घराबाहेरचीच होती. परंतु तेथे बाहेरचा विस्तव परवडतो की नाही, एवढाच प्रश्न होता. तो चालतो की नाही, हा प्रश्न आपल्याकडचा.

भट्टी नसली म्हणून मराठी गृहिणीचे काही अडले नाही. युरोपात जे काम भट्टीने केले ते येथे कढईने केले. फ्रेंच आचारी लोण्याचे थर देऊन, पीठ पुनःपुन्हा लाटून व घडी घालून पापुद्र्यांची पेस्ट्री करतो, तिची मोठी कीर्ती आहे. आता साट्याची करंजी कशी होते ते पाहावे. बारीक रवा व मैदा यांस तुपाचे मोहन देऊन पीठ दुधात घट्ट भिजवावे, तास-दोन तास मुरू द्यावे, आणि मग कुटून मऊ करावे. तूप परातीत तळहाताने फेसावे. ते पांढरे व हलके झाले की त्यात तांदळाचे पीठ मिसळावे. हाच साटा. तो तयार झाला की नाही हे पाहण्यास तराजू नको की घड्याळ नको: एक थेंब पाण्यात टाकावा, तरंगला तर साटा झाला. तीन पातळ पोळ्या लाटाव्या, प्रत्येकीस साटा लावून एकीवर एक ठेवाव्या, घट्ट गुंडाळी करावी, तिचे तुकडे कापावे आणि पदर वर राहील अशा बेताने पारी लाटावी. मंद आचेवर तळताना झाऱ्याने तूप वरून सोडीत राहिले म्हणजे एकेक पदर सुटत जातो. सारण न भरता वरून साखर पेरली की तोच चिरोटा.

दोन्हीकडचे शास्त्र एकच आहे. दोन पदरांमध्ये तुपाचा थर असल्यामुळे ते एकमेकांस चिकटत नाहीत. पिठातील पाण्याची वाफ होते आणि ती पदरांस दूर सारते. फ्रान्समध्ये ही वाफ कोंडलेल्या उष्ण हवेने होते, येथे तापल्या तुपाने. कोणी कोणाचे अनुकरण केले असे मानण्याचे कारण नाही.

गोडाबरोबर तिखटही होतेच. शंकरपाळे साखरेचे आणि ओवा-मिठाचे अशा दोन्ही तऱ्हांचे, कडबोळी भाजणीची, करंजीत कोठे खोबरे व खसखस, तर कोठे हिरव्या मटारांचे तिखट सारण. मराठवाड्यात साखर घालून शिजवलेला रवा, म्हणजे सांजा, भरलेल्या सांजोऱ्या होतात. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा या कलेस देवघरात मानाचे स्थान मिळते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन अशा तीन दिवसांच्या या सणात देवीच्या डोक्यावर फुलोरा बांधतात. करंज्या, साटोऱ्या, पापड्या आणि कणकेची वेणी व फणी असे सारे जिन्नस तळून दोऱ्याने टांगावयाचे. लाडक्या लेकीच्या केसांची वेणी आणि तिची फणीसुद्धा कणकेत घडवून तिच्यापुढे ठेवणारी ही पाककला नुसती जिभेपुरती नव्हती.

त्या करंजीच्या कडेस जी दुमड घालतात तिला मुरड म्हणतात. कातणाने कापलेली करंजी लवकर होते. मुरडीची करंजी करावयास वेळ लागतो आणि बोटांस सवय लागते. परंतु देवीस निरोप देताना अथवा घरचे माणूस दूर निघाले असता मुरडीचेच कानवले करावे, असा संकेत आहे. कानवल्यास जशी मुरड, तसे गेलेले माणूस मुरडून परत यावे.

कढईच्या या थोरवीस सोवळ्याओवळ्याचेही एक कारण होते. पाण्यात शिजवलेले अन्न लवकर विटाळते, परंतु दुधात भिजवलेले अथवा तुपात तळलेले अन्न त्या नियमांतून पुष्कळसे सुटते, अशी जुनी समजूत. म्हणून प्रवासास दुधात भिजवलेल्या दशम्या. म्हणून डबा भरून करंज्या-शंकरपाळे. 'फराळ' हा शब्दच मुळी 'फलाहार' यावरून आला: जे जेवण नव्हे, फळासारखे कोठेही खाता येते ते. सोवळ्याने घराबाहेरची भट्टी निषिद्ध केली खरी, पण त्याच सोवळ्याने घरातल्या कढईस मोठा मान मिळवून दिला.

याच प्रांतात दुसऱ्या एका दालनात दुसरे पापुद्रे उलगडत होते. इराणातील 'संबूसा' दिल्लीच्या सुलतानांबरोबर हिंदुस्थानात आला. मुहंमद तुघलकाच्या मेजवानीत खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा व मसाला पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेले 'समुसक' वाढीत, असे चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवले आहे. याच तुघलकाने १३२७ मध्ये आपली राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस हलवली होती. पुढे अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त 'कुताब' नावाच्या पदार्थास हिंदचे लोक 'सनबूसा' म्हणतात असे नमूद केले. निजामाच्या हैदराबादेत मैद्याच्या चौकोनी पारीत खिमा भरून केलेली 'लुखमी' मेजवान्यांची शोभा झाली; 'लुकमा' म्हणजे घास. सारण निराळे, खाणारे निराळे. पण पारी, मोहन आणि कढई तीच. करंजी व लुखमी एकमेकींच्या शेजारी वाढल्या, मात्र एका ताटात क्वचितच आल्या.

हिंगोली शहराच्या ठेवणीत हे शेजारपण अजून वाचता येते. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि वऱ्हाडच्या सीमेवरील हे गाव हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे होते. १९०३ मध्ये ती फौज हिंदी सैन्यात विलीन झाली आणि कंटिंजंटचे दिवस सरले. परंतु पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही मोहल्ल्यांची नावे मागे राहिली. एकोणिसाव्या शतकात छावणी जेथे पडे तेथे पाव भाजणारा जाई, ही सर्वत्रची रीत. मराठी माणसाची आणि भट्टीची गाठ पडली ती बहुधा अशा छावण्यांच्या, बंदरांच्या आणि मिशनांच्या दाराशी.

ती गाठ सुखाची नव्हती. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज, आणि त्याला लागलेली भीतीही त्याच काळची. विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्याले म्हणून गावचा गाव बाटला, अशा आख्यायिका कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पावाचा एक तुकडा माणसास त्याच्या जातीतून उठवू शकतो, हा या कथांचा अर्थ. म्हणूनच ज्यांना जातिभेद मोडावयाचा होता त्यांनी प्रथम पावासच हात घातला. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग प्रभृतींनी मुंबईस परमहंस सभा स्थापन केली, तेव्हा सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा, अशी कसोटी ठेवली होती. सभा गुप्त होती. १८६० मध्ये सभासदांची नावे बाहेर फुटली आणि ती सभा मोडली. पाव खाण्याचे धैर्य पुष्कळांपाशी होते, खाल्ला असे चारचौघांत म्हणण्याचे थोड्यांपाशी.

तीस वर्षांनी पुण्यात हाच प्रसंग अधिक थोर माणसांवर आला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसती हाती धरली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रातून प्रसिद्ध करविली, आणि शहरात एकच गहजब उडाला. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य माजले, प्रायश्चित्ते सांगितली गेली. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असे टिळकांनी म्हटले. रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतले, आणि त्यांच्या सुधारक मित्रांसच त्याचे अधिक दुःख झाले. एका बिस्किटापायी एवढे घडावे, याचे आज हसू येते. परंतु ज्या घरात लग्ने मोडली, श्राद्धास ब्राह्मण मिळेना, आणि माहेरवाशिणींस दारे बंद झाली, त्या घरातील बायकांस ते हसण्यासारखे नव्हते. मुक्ताबाईस खापर नाकारणारा हात सहाशे वर्षांनीही शिथिल झाला नव्हता.

दुसरी एक वस्तुस्थिती याच्या शेजारी ठेवून पाहावी. गोव्यात जे ख्रिस्ती झाले त्यांनी पाव स्वीकारला, पण करंजी सोडली नाही. नाताळात शेजाऱ्यापाजाऱ्यांस जी ताटे जातात त्यांत खोबऱ्याची नेवरी असतेच. माणसांनी धर्म बदलला, परंतु सणाच्या दिवशी आईने शिकवलेली मुरड बोटांतून गेली नाही.

भट्टी आणि मराठी घर यांचा समेट अखेर कोणा सुधारकाने घडवून आणला नाही. तो नानकटाईने घडवला. 'नान' हा फारसी शब्द. पदार्थ सुरतेकडून आला असे म्हणतात. यात यीस्ट नाही, ताडी नाही, अंडे नाही. मैदा, तूप आणि साखर, हे सारे घरातलेच. कृतीही ओळखीची: साट्यासारखे तूप फेसावयाचे. गृहिणी दिवाळीपूर्वी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत सामान डब्यांत भरून मुलांबरोबर जवळच्या बेकरीत पाठवीत. कोठे गोळे घरीच वळून पत्र्याच्या थाळ्यांत मांडून देत. पीठ आपले, तूप आपले, हात आपले. विस्तव मात्र त्याचा. बेकरीवाला बहुधा इराणी किंवा मुसलमान. कढत डबा डोक्यावर घेऊन पोरे घरी येत, आणि ज्या आजीने आयुष्यात पावाला शिवले नाही तीही त्यातली एक तोंडात टाकी. कोणी सभा भरवली नाही, कोणाची नावे छापून आली नाहीत. ग्रामण्यास जे साधले नाही ते आळीतल्या पोरांच्या फेऱ्यांनी साधले.

त्या बेकरीच्या काचेमागे दिसणारी खारी ही तर चिरोट्याची सख्खी बहीण. तीच पारी, तेच पदर, तीच वाफ. एकीस भट्टी मिळाली, दुसरीस कढई.

पुढील बदल झपाट्याने झाले. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि साट्यातील तुपाची जागा त्याने पुष्कळ घरांत घेतली. पदर सुटले, सुवास गेला. पाककृती तोंडोतोंडी चालत होत्या, त्या छापल्या जाऊ लागल्या होत्याच: रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचा 'गृहिणी-मित्र' विसाव्या शतकाच्या आरंभीचा, आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' घरोघर गेली. घरात प्रथम केक भाजला तो बहुधा पातेल्यात वाळू तापवून आणि झाकणावर निखारे ठेवून, म्हणजे पुन्हा अंगारपोलिकेच्याच वाटेने. मग विजेची भट्टी आली. आज हिंगोली, वसमत, कळमनुरी यांसारख्या गावांतही ओट्यावर ओव्हन दिसतो आणि मुली त्यात पफ, पॅटिस आणि नानकटाई भाजतात. कोणाच्या विस्तवाची वाट पाहावयास नको, आणि कोणी तो अडवावयास नको.

या लाभास उणे लेखू नये. मात्र त्याच घरात फुलोऱ्याचे जिन्नस दुकानातून बांधून येऊ लागले आहेत, आणि साटा तरंगला की नाही हे ओळखणारे डोळे कमी होत आहेत. साटा फेसण्याचे अन् मुरड घालण्याचे ज्ञान ग्रंथात अर्धेच उतरते. उरलेले अर्धे एका हातातून दुसऱ्या हातात द्यावे लागते. नव्या ओव्हनपाशी उभ्या असलेल्या मुलीस शेजारी बसवून आजीने तो एक थेंब पाण्यात टाकून दाखविला, तर कढई आणि भट्टी यांचे भांडण उरणार नाही.

औंढ्याच्या विसोबांकडे पुन्हा वळावयाचे तर त्यांच्या शिष्याची एक गोष्ट आठवते. नामदेवांपुढील भाकरी कुत्र्याने पळवली. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. 'कोरडी खाऊ नको, तूप लावू दे' म्हणाले. गुरूंनी दुसऱ्याचे खापर अडवले होते आणि ते उष्टे खाऊन शुद्ध झाले. शिष्याने भाकरी नेणाऱ्यास हाकलले नाही, वर तूप दिले. विस्तव अडवण्यापासून तूप वाढण्यापर्यंतची ही वाट या एका जिल्ह्यातील गुरुशिष्यांनी दोन आयुष्यांत चालून दाखविली. उरलेल्या महाराष्ट्रास तिला सहाशे वर्षांहून अधिक लागली, आणि ती सर्वत्र पुरी झाली आहे असे अजूनही म्हणवत नाही.